दूरशिक्षण आणि खानदेशचा कामकरी विद्यार्थी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो पगार, बोनस आणि संप ह्यांवरच बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही शिक्षणावर बोलणार आहोत, आणि तेही शाळेच्या चार भिंतींबाहेर चालणाऱ्या शिक्षणावर. ह्याचे कारण आमच्या कचेरीतच आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतले चटई कारखान्यांचे आणि डाळ मिलचे कामगार, बाजार समितीतले हमाल-मापाडी, धुळ्याचे यंत्रमाग कामगार आमच्याकडे येतात ते हजेरी, रजा, भविष्यनिर्वाह निधी ह्यांच्या तक्रारी घेऊन. गेल्या काही वर्षांत त्यांत एक नवी तक्रार मिसळली आहे. ‘मुलीची शाळा मोबाईलवर होती, तेव्हा गणित मागे पडले ते पडलेच.’ ‘पदवीला नाव घातले, पुस्तके मोबाईलवर आली, पहिली परीक्षा कशीबशी दिली, पुढे राहून गेले.’ ह्या तक्रारीवर मालकाशी वाटाघाट करून उपाय निघत नाही. ‘राहून गेले’ हा शब्द ऐकला की आम्हांला बंद पडलेल्या गिरणीचे धुराडे आठवते. काहीतरी उभे केलेले असते, आणि ते अर्ध्यात थंड होते.

ह्या लोकांत चिकाटी नाही, असे निदान करणारे शहाणे पुष्कळ भेटतात. आठ तास पोती वाहून पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या माणसाला चिकाटी शिकवणे आम्हांला शोभणार नाही. आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. शाळेपासून आणि गुरूपासून दूर राहून शिकण्याचे प्रयोग आजवर पुष्कळ झाले. कधी टपालाने, कधी आकाशवाणीने, कधी दूरचित्रवाणीने. त्यांतल्या ज्या प्रयोगांत विद्यार्थी शेवटपर्यंत टिकला, तेथे त्याला कशाने टिकवले? ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहास देतो, आणि त्यातला काही भाग आपल्या खानदेशातच घडला आहे.

कामकरी माणसाच्या शिक्षणाची पहिली अडचण वेळेची. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५५ साली ओळखली आणि पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. विद्यार्थी शाळेच्या वेळेला येऊ शकत नाही, तर शाळेने त्याच्या वेळेला उघडावे, एवढाच तो विचार. पण त्याने पुढच्या सगळ्या मार्गाचा पाया घातला. १९११ साली मुंबईत ना. म. जोशी ह्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापली आणि गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालवली. ह्याच जोशींचा १९२० साली आयटक उभी करण्यात मोठा वाटा होता. कामगार संघटना आणि कामगारांचे शिक्षण ही आपल्याकडे अशी एकाच घरातली भावंडे आहेत, हे आजच्या कार्यकर्त्यांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता खानदेशात येऊ. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशातल्या अमळनेरला प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० ह्या काळात साने गुरुजी शिक्षक होते, आणि तेथल्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. वसतिगृहातली मुले म्हणजे खेड्यापाड्यांतून आलेली, घरापासून तुटलेली मुले. गुरुजी त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. वर्गात शिकवणारा शिक्षक संध्याकाळी मुलांसाठी लिहीत बसे, आणि कोणाचे कपडे मळले, कोण घरच्या आठवणीने उदास आहे, हेही पाहत असे. शिकवणे आणि सांभाळणे ही दोन कामे आहेत हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ती दोन्ही कामे एकाच माणसाने केल्यामुळे आपल्याला त्यांतला फरक पुष्कळदा दिसत नाही. पुढे यंत्र आले आणि त्याने पहिले काम उचलले. दुसरे काम कोणाचे, हा प्रश्न तेव्हा उघडा पडला.

त्याच गुरुजींचे दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, ह्या क्रमाने विनोबांनी तेथे गीतेवर अठरा प्रवचने दिली. ऐकणारे कैदी होते. साने गुरुजी ती प्रवचने हाताने लिहून घेत होते. त्या लेखणीमुळे तुरुंगाच्या भिंतीआड बोललेले शब्द पुढे पुस्तकरूपाने देशातल्या अनेक भाषांत गेले. दूरशिक्षण हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. परंतु समोर नसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत धडा पोचवणे म्हणजे दुसरे काय? ह्या प्रसंगात आम्हांला दोन गोष्टी दिसतात. ठरलेला वार होता, आणि कष्ट घेणारा माणूस होता. रविवार चुकला नाही म्हणून अठरा अध्याय पुरे झाले.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली ज्या बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात सुचलेली त्यांची कविता घरातल्या लिहित्या हातांनी टिपून ठेवली, म्हणून ती राहिली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने बाहेर आली. ज्याच्यापाशी साधन नाही त्याच्याजवळ साधन असलेला माणूस बसला, तर काय घडते ह्याचा ह्याहून मोठा दाखला खानदेशात शोधावा लागणार नाही.

टपालाने शिकवण्याची सुरुवात मात्र विलायतेत झाली. १८४० साली तेथे एका पेनीत कोठेही पत्र पोचवणारे टपाल सुरू झाले, आणि आयझॅक पिटमन ह्यांनी त्याचा उपयोग लघुलेखन शिकवण्यासाठी केला. ते विद्यार्थ्याला पत्राने पाठ देत. विद्यार्थी तो लघुलिपीत उतरवून परत पाठवी. आणि पिटमन चुका दुरुस्त करून पुन्हा त्याच्याकडे धाडीत. ह्या व्यवहारात शिकवणारे पत्र कोणते? आमच्या मते तिसरे. पहिले पत्र तर छापील पुस्तकानेही पाठवता येते. आपली चूक कोणीतरी पाहिली, खूण करून परत पाठवली, आणि आता पुढच्या पत्राची तो वाट पाहतो आहे, ही जाणीव तिसऱ्या पत्रातून मिळते. १८५८ साली लंडन विद्यापीठाने परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. दार उघडले ही मोठीच गोष्ट. पण नुसते दार उघडून दुर्बळ माणूस उंबरठा ओलांडत नाही.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा पदवीचे शिक्षण सुरू केले. त्या वेळी खानदेशची स्थिती काय होती? जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ साली निघाली. त्याआधी पदवीसाठी घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि नंतरही यावल-रावेरच्या केळीच्या बागेत किंवा शिरपूर-साक्रीच्या पाड्यावर राबणाऱ्या मुलाला जळगाव-धुळे हे अंतर थोडे नव्हते.

ह्यानंतर आकाशातून शिकवण्याचे युग आले. ब्रिटनमध्ये १९६३ साली हॅरल्ड विल्सन ह्यांनी ‘हवेतले विद्यापीठ’ अशी कल्पना मांडली. व्याख्याने दूरचित्रवाणीवरून द्यायची आणि देशभरच्या कामकऱ्यांनी ती घरी बसून ऐकायची, अशी ती होती. तिला आकार देण्याचे काम जेनी ली ह्या बाईंनी केले. त्या स्कॉटलंडमधल्या खाणकामगाराची कन्या. १९६९ साली संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे नाव ‘मुक्त विद्यापीठ’ झाले होते, आणि १९७१ साली वर्ग सुरू झाले तेव्हा दूरचित्रवाणी हा तिचा एक भाग राहिला होता. बाकीची उभारणी माणसांची होती. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचा गृहपाठ तपासणारा मार्गदर्शक, गावोगाव अभ्यासकेंद्रे, आणि उन्हाळ्यात सर्वांनी एकत्र राहून शिकण्याचा आठवडा. विद्यापीठ हवेत निघाले होते. चालायची वेळ आली तेव्हा त्याला जमिनीवर पाय ठेवावे लागले.

आपल्याकडे १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा प्रयोग वर्षभर झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. खेड्यात सार्वजनिक जागी संच ठेवायचा आणि गावाने एकत्र बसून पाहायचे, अशी ती रीत होती. संच बिघडेल हे धरूनच दुरुस्तीची वेगळी व्यवस्था उभी केली होती. यंत्र पाठवणाऱ्याने ते चालू ठेवण्याची जबाबदारीही घ्यावी, हा धडा त्या प्रयोगाने दिला. आज शाळाशाळांत धूळ खात पडलेले संगणक पाहिले की तो धडा आपण किती लवकर विसरलो हे कळते.

महाराष्ट्रात ह्या सर्व अनुभवांचे पाणी १९८९ साली नाशिकला एकत्र आले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला पदवीच्या वाटेवर घेण्यासाठी ह्या विद्यापीठाने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला. आमच्या पिढीतल्या किती कंडक्टरांनी, शिपायांनी, गिरणीतून बाहेर पडलेल्या कामगारांनी आणि चूल सांभाळणाऱ्या बायकांनी ती वाट धरली! पुस्तके अशा भाषेत लिहिली होती की एकट्याने वाचावी आणि कळावी. तरीही विद्यापीठाने पुस्तकांवर भिस्त ठेवली नाही. ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत आणि संस्थांत अभ्यासकेंद्रे काढली, त्यांत संमंत्रक नेमले, आणि सुटीच्या दिवशी विद्यार्थ्यांना एकत्र बसवले. रविवारी जेवणाचा डबा घेऊन केंद्रावर जाणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना आम्ही पाहिले आहे. त्यांना विचारले तर ते संमंत्रकाच्या व्याख्यानाविषयी थोडे बोलत, आणि शेजारी बसणाऱ्या सोबत्याविषयी फार. ‘तो अर्ज भरणार होता, मग मीही भरला.’ टिकण्याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेला इतिहास. २०१५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत धुळे जिल्ह्यात एक चांगले काम झाले. न्यूयॉर्कला नोकरी करणारे धुळ्याचे हर्षल विभांडिक ह्यांनी पुढाकार घेतला, गावोगाव सभा झाल्या, लोकांनी वर्गणी काढली, आणि जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या आसपास शाळांत पडदे व संगणक पोचले. ज्या गावाने स्वतःच्या पैशाने पडदा घेतला त्या गावाला शाळा आपली वाटू लागली, हा त्यातला मोठा लाभ. पण मार्च २०२० मध्ये महामारी आली आणि शाळांना कुलपे लागली. पडदा कुलपाच्या आत राहिला आणि मूल बाहेर.

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा झाली. पाठ मोबाईलवर येऊ लागले. ते कोणाच्या मोबाईलवर? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे देशातल्या शंभर घरांपैकी चोवीस घरांत इंटरनेटची सोय होती. खेड्यांत ती पंधरा घरांत होती आणि शहरांत बेचाळीस घरांत. महामारीच्या काळात फोन झपाट्याने वाढले हे खरे. २०२१ च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण विद्यार्थ्यांपैकी सदुसष्ट टक्क्यांहून अधिक मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. परंतु त्याच पाहणीने सांगितले की, फोन असलेल्या घरांतल्याही सुमारे एकचतुर्थांश मुलांच्या हाती तो येतच नव्हता. आमच्या वस्तीत ह्याचे कारण विचारायला पाहणी लागत नाही. फोन एक, आणि तो बापाच्या खिशात पहिल्या पाळीला जातो. वर्ग सकाळी दहाला, बाप घरी येतो दुपारी चारला. दोन भावंडे असली तर फोन आधी मुलाकडे आणि मग मुलीकडे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

अशा वेळी राज्यात ज्यांनी मुलांना धरून ठेवले त्यांनी काय केले ते पाहा. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात एका संस्थेने ‘बोलकी शाळा’ काढली. पाड्यावर ध्वनिक्षेपक लावून मुलांना धडे ऐकवले, आणि त्याच्याभोवती मुले जमवली. सोलापूरला नीलमनगर ह्या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले. मूल गल्लीतून चालले की पाढे आणि व्याकरण समोर. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांची मालिका सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नव्हते. ही तिन्ही साधने जुनीच होती. परंतु त्यांच्या मागे विद्यार्थ्याच्या घरी काय आहे आणि काय नाही, हे पाहून निर्णय करणारी माणसे होती. त्याच वर्षी डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकावरच्या क्यूआर कोडसाठी त्यांचे नाव झाले. पण त्या कामाची सुरुवात मुलांची घरची कन्नड भाषा समजून घेण्यापासून झाली होती, हे आपण विसरतो. आपल्या अहिराणी, तडवी, पावरी बोलणाऱ्या मुलांनाही हे तितकेच लागू आहे.

आणि श्रीमंत देशांत तरी निराळे घडते का? अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि एमआयटी ह्या संस्थांनी २०१२ पासून आपले पाठ जगाला ऑनलाइन खुले केले. पाठ उत्तम, शिक्षक नामांकित. २०१९ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात त्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांतल्या जेमतेम तिघांनी शिक्षणक्रम पुरा केला. त्यांतले पुष्कळ जण नुसते डोकावायला आले असतील हे मान्य. तरी उत्तम धडा घरात पोचला म्हणजे शिक्षण झाले, ह्या भ्रमाला हा आकडा पुरेसा आहे. टाळेबंदीत आमच्या कामगारांच्या मुलांना जे भोगावे लागले, त्याचे मूळ त्यांच्या गरिबीत आहेच. पण एकटेपणात तेवढेच आहे.

महामारीनंतर आम्ही युनियनच्या कचेरीत संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासाची बैठक सुरू केली. वस्तीतली दहा-बारा मुले आणि दूरशिक्षणाने पदवी करणारे चार-दोन कामगार. दोन जुने फोन, एक इंटरनेटची जोडणी, आणि एक सेवानिवृत्त शिक्षक. सर्वांत उपयोगी काय ठरले म्हणाल तर हजेरीचे पुस्तक. दोन दिवस कोणी आले नाही की तिसऱ्या दिवशी एक जण त्याच्या घरी जातो. आमच्यातल्या एका कामगाराला त्याच्या संस्थेने परीक्षेच्या अर्जाची तारीख फोनवर कळवली होती. मजकूर इंग्रजीत होता, त्याने तो जाहिरात समजून पुसला आणि त्याचे वर्ष जाण्याची वेळ आली. बैठकीत सहज बोलणे निघाले, दुसऱ्याने आपला संदेश दाखवला, आणि शेवटच्या दिवशी अर्ज भरला गेला. त्याची बुद्धी आदल्या दिवशी होती तेवढीच दुसऱ्या दिवशी होती. फरक शेजारी माणूस असण्याचा होता.

इतिहासाने दिलेले उत्तर आम्हांला असे दिसते. धडा पोचवण्याचे काम टपालाने केले, उपग्रहाने केले, आज मोबाईल करतो, आणि प्रत्येक नवे साधन ते अधिक चांगले करत आले. त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. यंत्राला शत्रू मानणारा कामगार पुढारी आपल्या माणसांचे नुकसान करतो. विद्यार्थी टिकवण्याचे काम मात्र दर वेळी चार गोष्टींनी केले आहे: ठरलेली वेळ, बसायची जागा, चूक दाखवून परत पाठवणारा मार्गदर्शक, आणि गैरहजेरीची चौकशी करणारा सोबती. फुल्यांनी वेळ दिली. गुरुजींनी चौकशी केली. पिटमनने चूक परत पाठवली. नाशिकच्या विद्यापीठाने रविवारी बसायला जागा दिली. ज्या योजनेत ह्या चार गोष्टींचा खर्च धरलेला नाही, ती योजना विद्यार्थ्यासाठी आहे की हिशेबाच्या वहीसाठी, असे आपण नागरिकांनी विचारले पाहिजे. आज ‘सर्व काही मोबाईलवर’ असे सांगितले जाते, तेव्हा हा प्रश्न विशेष निकडीचा आहे; कारण खर्च कमी करायचा झाला की पहिली कुऱ्हाड माणसावर पडते, हे आम्ही गिरण्यांत पाहिले आहे.

सरकारकडे आणि विद्यापीठांकडे मागण्या करण्याचे काम आम्ही करूच. ते आमच्या अंगवळणी पडलेले आहे. आपल्यापाशी आमची मागणी लहान आहे. मालकमंडळींनी परीक्षेच्या दिवशी कामगाराला पाळी बदलून द्यावी; त्याने उत्पादन बुडत नाही. सेवानिवृत्त शिक्षकांनी आणि रेल्वेतून, बँकेतून निवृत्त झालेल्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी. गावातल्या वाचनालयांनी आपले एक टेबल आणि इंटरनेटची जोडणी दुसऱ्या पाळीहून सुटणाऱ्यांसाठी उशिरापर्यंत खुली ठेवावी. आणि प्रत्येक गल्लीने आपल्याकडे दूरशिक्षण घेणारे किती जण आहेत ह्याची एक यादी करावी. कोणाचे ‘राहून गेले’ तर ते निदान कळावे.

वसंतात हे सभागृह ज्ञानासाठी भरते. वर्षातल्या बाकीच्या संध्याकाळी ते रिकामे असते, आणि त्याची किल्ली आपल्याच गावात आहे.